रडारवर दिसणारा पाऊस नाल्याच्या संकल्पनासाठी धरता येतो का?

घणसोलीतील नाल्याची रुंदी ठरवताना कुलाब्याच्या डॉप्लर रडारवरचा पाऊस थेट धरता येईल का, असे आपण विचारले आहे. ठाण्यात पर्जन्यजल वाहिन्यांच्या संकल्पनाचे काम करताना माझे मत असे झाले आहे की तो थेट धरू नये, पण बाजूलाही टाकू नये.

रडार पाऊस मोजत नाही. थेंबांवरून परत आलेल्या लहरींची तीव्रता ते मोजते आणि तिच्यावरून पाऊस किती असेल हे आपण सूत्राने काढतो. परत आलेल्या लहरींची तीव्रता, म्हणजे परावर्तन, ५० डेसिबेल असेल तर मार्शल-पामर या नेहमीच्या सूत्राने तासाला सुमारे ४९ मिमी पाऊस येतो. गडगडाटी पावसासाठी प्रचलित असलेल्या, ३०० गुणक आणि १.४ घात असलेल्या सूत्राने तो सुमारे ६३ मिमी येतो. पावसाची तीव्रता आणि पाणलोटाचे क्षेत्र यांवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, काढण्याच्या तर्कसंगत पद्धतीत विसर्ग तीव्रतेच्या सम प्रमाणात असल्याने केवळ सूत्र बदलले तरी नाल्याचा विसर्ग ३० टक्क्यांनी वाढतो. शिवाय अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण सुमारे ३० किलोमीटरवरच्या घणसोलीपाशी जमिनीपासून ३०० मीटरहून अधिक उंचीवर असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या पावसासाठी जवळच्या पर्जन्यमापकांच्या १५ मिनिटांच्या नोंदी मिळवून रडारचे आकडे त्यांच्याशी जुळवून घेणे मी अनिवार्य मानतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाची तीव्रता मात्र पर्जन्यमापकाच्या दीर्घ नोंदींवरूनच काढावी. रडारच्या नोंदी त्यासाठी फार थोड्या वर्षांच्या आहेत.

रडारची खरी किंमत पावसाची विभागणी दाखवण्यात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तर वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७४ मिमी. घणसोलीच्या वरच्या बाजूला असलेल्या पारसिकच्या डोंगरावर कोसळणारी सर खालच्या पर्जन्यमापकाला कळेलच असे नाही, आणि तिथले पाणी उतारामुळे फार लवकर नाल्यात येते.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भरतीच्या वेळी खाडीकडचे दरवाजे बंद झाले की पाणी धारण तलावात (ओहोटीपर्यंत पाणी साठवून ठेवणाऱ्या तलावात) साठवावे लागते, त्यामुळे सर्वोच्च विसर्गाइतकेच त्या दोन-तीन तासांत संपूर्ण पाणलोटात एकूण किती पाणी पडले हेही महत्त्वाचे ठरते. ते एकट्या मापकावरून सांगता येत नाही. आपण नाल्याचा छेद नेहमीच्या पद्धतीने ठरवा, मग दुरुस्त केलेल्या रडार नोंदींतले चार-पाच मोठे पाऊस भरतीच्या वेळांसह त्या नाल्याच्या आणि तलावाच्या संगणकीय प्रारूपावर चालवून पाहा. पाणी काठाबाहेर आले, तर रुंदी वाढवण्याआधी तलावाची क्षमता तपासा.