वाचकांचे प्रश्न : विंग किती किलोची घ्यावी?

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. येत्या हिवाळ्यात अंदमानला ४५ मीटरपर्यंतचा टेक्निकल डायव्हिंगचा (वर येताना थांबे घ्यावे लागतात अशा खोल बुड्यांचा) कोर्स करायचा आहे. अंगात ५ मिलिमीटरचा वेटसूट (रबरी फोमचा पोशाख) असेल. विक्रेता म्हणतो, २७ किलो लिफ्टची विंग आणि स्टीलचे जोडसिलिंडर घ्या, म्हणजे काळजी नको. घेऊ का?

उत्तर : दोन्ही घेऊ नका. विंग म्हणजे पाठीवरची हवा भरायची पिशवी आणि लिफ्ट म्हणजे ती पाण्यात किती किलो उचलते तो आकडा. विंगचा आकार गणिताने ठरतो आणि ते गणित घरी बसून करता येतं. बुडीतला सगळ्यांत जड क्षण म्हणजे तुम्ही नुकतेच तळाला पोचलेले असता तो. सिलिंडर जवळजवळ भरलेले असतात आणि वेटसूट दाबाने चपटा झालेला असतो. विंगला तेवढंच वजन उचलायचं आहे.

पृष्ठभागावरची एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते. ११ लिटरचे दोन ॲल्युमिनियमचे सिलिंडर २०० बार दाबाला भरले की ४,४०० लिटर हवा होते, म्हणजे जवळपास सव्वापाच किलो. सूटचा आकडा कुणाला विचारू नका, मोजा. सूट जाळीच्या पिशवीत कोंबा, पाण्याच्या पिंपात दाबून आतली हवा काढून टाका आणि पिशवीत शिसं टाकत जा. पिशवी बुडायला जेवढं शिसं लागलं, साधारण तेवढं तुमचा सूट उचलून धरतो. समजा चार किलो आले. ४५ मीटरवर एकूण दाब साडेपाच बार असतो, निओप्रीनमधले (सूटच्या रबरी फोममधले) बुडबुडे आकसतात आणि यातला बहुतेक आधार जातो. हिशेबात तो पूर्ण गेला असंच धरा. डेकोच्या, म्हणजे वर येतानाच्या थांब्यांवर श्वासाला लागणाऱ्या, गॅसचा एक स्टेज सिलिंडर (कडेला टांगायचा जादा सिलिंडर) रेग्युलेटरसकट (श्वासाच्या झडपेसकट) दोन किलो धरा. बेरीज सव्वाअकरा किलो. वर आल्यावर डोकं नीट पाण्याबाहेर राहावं म्हणून थोडी जास्तीची लिफ्ट धरली तरी १८ किलोची विंग पुरते.

२७ किलोच्या विंगमध्ये उरलेल्या कापडाचा घोळ होतो. तो सिलिंडरभोवती गुंडाळला जातो, पाणी कापताना ओढ वाढते आणि हवा घडीत अडकून राहते. सहा मीटरच्या स्टॉपवर (डेकोच्या थांब्यावर) ती हवा वेळेवर बाहेर निघाली नाही, तर तुम्ही स्टॉप सोडून वर जाता.

आता स्टीलबद्दल. विंग तळाला फाटली तर काय, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवा. ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे झाले की तरंगू लागतात, म्हणून त्यांच्यासोबत कमरेला शिसं बांधावं लागतं आणि गरज पडली तर त्यातलं काही सोडता येतं. स्टीलचा जोड रिकामा झाला तरी जडच राहतो, म्हणून सोडायला शिसंच नसतं. १२ लिटरचे दोन सिलिंडर २३० बारला भरले, तर हवेचेच साडेसहा किलो होतात. त्यात चपट्या सूटचे चार मिळवा. साडेदहा किलो फक्त पायांच्या जोरावर उचलून वर आणणं आणि वर स्टॉपवर धरून ठेवणं धडधाकट माणसालाही जमत नाही. स्टीलचा जोड ड्रायसूटवाल्यांनी (आत पाणी न शिरणारा सूट घालणाऱ्यांनी) वापरावा, कारण विंग गेली तर सूटमध्ये हवा भरता येते. अंदमानच्या कोमट पाण्यात ड्रायसूटची गरज नसते आणि तिथे भाड्यानेही बहुतेक ॲल्युमिनियमचेच सिलिंडर मिळतात.

मात्र सगळं शिसं एकाच बकलवर ठेवू नका. ते एकदम सुटलं तर तुम्ही डेकोचे स्टॉप ओलांडून थेट पृष्ठभागावर जाल. दोन-दोन किलोच्या हिश्शांत वाटून ठेवा आणि लागेल तेवढंच सोडा. एकूण शिसं इतकं असावं की सिलिंडरमध्ये ४० ते ५० बार उरलेले असताना, विंग रिकामी ठेवून तीन मीटरवर स्थिर राहता येईल.

प्रश्न : दोन ब्लॅडरची (आतल्या हवेच्या पिशव्यांची) विंग जास्त सुरक्षित नाही का? (कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : वेटसूटमध्ये जड सरंजाम उचलायचा असेल, तर तिचा उपयोग आहे. पण तिच्यामुळे एक नवीन धोकाही येतो. दुसरा इन्फ्लेटर (बटण दाबून विंगमध्ये हवा भरायचं साधन) जोडलेला असेल आणि त्यातून हळूहळू हवा झिरपत असेल, तर ती लक्षात येत नाही. तुम्ही पहिल्या ब्लॅडरची हवा सोडत बसता आणि दुसरा फुगत राहतो. म्हणून दुसऱ्याची होज (हवा आणणारी नळी) काढून ठेवावी, पण हाताला लागेल अशी. पहिला इन्फ्लेटर उजव्या पोस्टवरून (जोडसिलिंडरच्या उजव्या झडपेवरून) घ्या. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात पोहताना झडपेचा नॉब छताला घासला, तर डावा नॉब बंद होण्याकडे फिरतो, उजवा उघडण्याकडे.

बटण अडकून हवा आपोआप भरू लागली, तर बटणाशी झगडू नका. एका हाताने लो-प्रेशर होज ओढून काढा, दुसऱ्याने कमरेजवळच्या डम्प व्हॉल्वची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी खेचा. हातमोजे घालून, डोळे मिटून हे जमेपर्यंत पोहण्याच्या तलावात सराव करा.

प्रश्न : वापरलेली विंग मिळते आहे. काय तपासू? (मांजलपूर, बडोदे)

उत्तर : तोंडाने फुगवा, डम्प व्हॉल्व आपोआप उघडेपर्यंत, आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर पाण्याखाली धरून बुडबुडे शोधा. घडीदार नळी इन्फ्लेटरला आणि एल्बोला (विंगवरच्या वाकड्या जोडाला) जिथे जोडलेली असते तिथली झिप टाय आधी पाहा. ती तुटली की नळी निसटते आणि सगळी हवा जाते. बॅकप्लेट (पाठीवरची ताठ पाटी) आणि सिलिंडर यांच्या मध्ये येणारा पट्टा बोटांनी चाचपा, तिथे ब्लॅडर चिमटला जाऊन भोक पडतं. आतून पाणी हलवून ओता. मिठाचे खडे पडले, तर इन्फ्लेटरचं बटणही मिठाने अडकलं असण्याची शक्यता आहे. ते उघडून साफ करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तलावात वजन जुळवून समुद्रात जाणार असाल, तर एक हिशेब लक्षात ठेवा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. सामानासकट तुम्ही सव्वाशे किलो असाल, तर समुद्रात सुमारे तीन किलो शिसं जास्त लागेल.