कर्ज थकलंय, अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळेल का?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, नोट प्रेसमधून रिटायर झालोय. मुलगा अमेरिकेत आहे, तिकडचा सिटिझन झालाय. मधे त्याची नोकरी गेली, त्यातच सूनबाईचं ऑपरेशन झालं आणि दोन क्रेडिट कार्डं मिळून 18,000 डॉलर थकले, एक कार्ड तर वसुली एजन्सीकडे गेलंय. आता डिफेन्सचं काम करणाऱ्या कंपनीत जॉब मिळतोय पण सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, लागणार. त्याचा मित्र म्हणतो फॉर्ममधे कर्जाचं लिहूच नको. मी आडगावचा प्लॉट विकून पैसे पाठवू का?

उत्तर : काका, आधी मित्राचं बोलतो, त्याचं अजिबात ऐकू देऊ नका. क्लिअरन्ससाठी एसएफ-86 नावाचा फॉर्म असतो, त्याच्या 26 व्या सेक्शनमधे सरळ विचारलंय की मागच्या 7 वर्षांत कुठलं खातं 120 दिवसांच्या वर थकलं का, वसुलीला गेलं का, टॅक्स राहिला का. आणि तपासणारे क्रेडिट रिपोर्ट स्वतः काढतातच, तेव्हा कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहणारे. उलट मुद्दाम लपवलं असं दिसलं तर थकबाकी बाजूला राहते आणि माणूसच खोटा ठरतो, शिवाय तिकडे हा फेडरल गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कर्ज एवढं का बघतात? सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतला अधिकारी ऑल्ड्रिच एम्स 1985 मधे घटस्फोट आणि कर्ज यात अडकलेला असताना सोव्हिएत लोकांना गुपितं विकायला लागला, 1994 ला पकडला गेला, तोवर 5,40,000 डॉलरचं घर त्यानं रोखीनं घेतलं होतं. म्हणून देणं अंगावर असणं तर बघतातच, पण कुठून आला ते सांगता न येणारा पैसाही तितकाच खटकतो. तुमच्या प्लॉटच्या पैशाला हे लागू होतं बरं का.

आता दिलासा देणारी गोष्ट. 2017 पासून लागू असलेल्या नियमांत पैशाचा मुद्दा 'गाइडलाइन एफ' खाली येतो, त्यात अमुक क्रेडिट स्कोअर हवाच असं कुठेही नाही. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशी हाताबाहेरची कारणं तिथे स्पष्ट मान्य केलेली आहेत, पण त्यानंतर माणूस जबाबदारीनं वागला का ते बघतात. सगळं कर्ज शून्य झालेलं पाहिजे असंही नाही, झेपेल असा हप्ता बांधून तो नियमित भरतोय हे दिसलं तरी खूप. म्हणून त्याला सांगा, आजच दोन्हीकडे फोन करून हप्ता ठरवून घे, लेखी घे, आणि एक फाइल कर, त्यात नोकरी गेल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, एजन्सीचं पत्र, दर महिन्याची पावती. क्लिअरन्सला आक्षेप आहे अशी नोटीस आल्यावर घाईघाईनं भरलेल्या पैशाला तेवढं वजन राहत नाही. समजा तरी ती नोटीस आलीच तर कंपनीच्या कामगारांना उत्तराला 20 दिवस मिळतात, ते चुकवायचे नाहीत.

प्लॉट विकायची घाई करू नका काका, माझं मत विचाराल तर गरजच नाहीये, ती तुमची म्हातारपणाची पुंजी आहे. थोडी मदत करायचीच असेल तर बँकेतूनच पाठवा, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत चालतात, बक्षीस म्हणून दिल्याचं पत्र करा आणि बँकेचा कागद त्याला पाठवून द्या. कुणाच्या ओळखीतून, हवालाबिवाला तर बिलकूल नको.

तुमच्या बँकेतल्या खात्यावर किंवा फ्लॅटवर त्याचं जॉइंट नाव असेल तर तेही फॉर्ममधे टाकायला सांगा, आणि आई-वडिलांच्या माहितीत तुमची प्रेसची नोकरीसुद्धा, कारण नातेवाइकाची आत्ताची किंवा शेवटची नोकरी कुठली आणि त्याचा परदेशी सरकारशी (त्यांच्या दृष्टीनं भारत सरकारशी) संबंध आहे का हे तिथे विचारतात. रिटायर झालात तरी ते लिहायचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.