अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचा पहिला मेयर व्यापारी होता म्हणतात, तो नक्की कोण?

सॉलोमन जुनो. मूळचा क्यूबेककडचा फ्रेंच माणूस, 1793 चा जन्म. 1818 च्या सुमारास अमेरिकन फर कंपनीच्या कामासाठी मिशिगन लेकच्या काठी, आज मिलवॉकी आहे तिथे आला, तिथल्या जुन्या व्यापाऱ्याची, झाक विओची मुलगी जोसेट हिच्याशी लग्न केलं आणि सासऱ्याचा धंदा पुढे चालवला. धंदा म्हणजे आदिवासींकडून फर घ्यायची, बदल्यात ब्लँकेट, भांडी वगैरे माल द्यायचा. जोसेट स्वतः मेनॉमिनी या तिथल्या आदिवासी जमातीच्या वंशाची, त्यामुळे धंद्यात तिचा वाटा मोठा असणार असं माझं मत.

मग फरपेक्षा जमिनीत पैसा दिसायला लागला तसे यानेही नदीच्या पूर्वेला प्लॉट पाडले, 1837 ला सेंटिनेल पेपर काढला. पश्चिमेला बायरन किलबर्न नावाचा प्रतिस्पर्धी, त्याने रस्तेच असे आखले की पलीकडच्या रस्त्यांना जुळू नयेत, म्हणून तिथले काही पूल अजून तिरके आहेत! 1845 ला तर पुलांवरून चक्क मारामाऱ्या झाल्या. पुढच्या वर्षी सगळं मिळून एक शहर झालं आणि जुनो मेयर. नंतर तो थेरेसा गावी राहायला गेला (गावाला आईचं नाव दिलेलं) आणि 1856 ला मेनॉमिनी लोकांमध्येच वारला. अलास्काचं जुनो शहर मात्र याच्या नाही, नात्यातल्या जो जुनोच्या नावाचं आहे.