पुण्याच्या वि. म. दांडेकरांचं अर्थशास्त्रातलं नेमकं योगदान काय?

बहुतेक जण एकच गोष्ट सांगतील: नीलकंठ रथ यांच्यासोबत 1971 साली मांडलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास. माणसाला रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च धरून त्यांनी गरिबीची रेषा आखली. 1960-61 च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. ते मोजून थांबले नाहीत. सरकारने ग्रामीण कामं काढून रोजगार द्यावा, असं त्यांनी ठामपणे मांडलं.

पण माझ्या मते त्यांचं पीकविम्याचं काम तितकंच मोठं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रत्येक शेताचं नुकसान स्वतंत्रपणे तपासणं परवडत नाही. म्हणून त्यांनी सुचवलं: पीककापणी प्रयोगांवरून, म्हणजे काही निवडक शेतांतलं पीक कापून मोजून, सगळ्या परिसराचं सरासरी उत्पादन काढायचं, ते ठरलेल्या पातळीखाली गेलं की तिथल्या सर्व विमाधारकांना भरपाई. 1979 ची प्रायोगिक योजना याच विचारावर उभी राहिली. आज महसूल मंडळनिहाय (काही गावांचा गट धरून) भरपाई जाहीर होते, तिचं मूळ इथे आहे. आपल्या शेताचं नुकसान होऊनही परिसराची सरासरी बरी आली तर शेतकरी कोरडाच राहतो, ही मात्र या पद्धतीची खरी दुखरी बाजू.

जन्म 1920, निधन 1995. मधली बरीच वर्षं गोखले अर्थशास्त्र संस्थेत, पुढे तिथेच संचालक.