वाचकांचे प्रश्न : सायटेशनचा हिशेब

प्रश्न : वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएच्या दुपेडी रचनेवरचा पेपर जीवशास्त्रात सर्वाधिक सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) मिळालेला असणार, असं मी वर्गात सांगितलं. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी दाखवून दिलं की तो पहिल्या शंभरातही नाही. असं कसं?
— प्राध्यापक, सातारा

उत्तर : विद्यार्थ्याचं बरोबर आहे. 'नेचर'ने २०१४ मध्ये सगळ्या विषयांतल्या पहिल्या शंभर पेपरांची यादी काढली. त्या यादीत शिरायलाच बारा हजारांहून जास्त सायटेशन लागत होती. पहिले तिन्ही नंबर प्रथिनांवर काम करायच्या पद्धतींनी पटकावले. लाउरी आणि सहकाऱ्यांची द्रावणातलं प्रथिन मोजायची रीत (१९५१) तीन लाखांच्या पुढे, लेमली यांचा प्रथिनं आकारानुसार वेगळी करायचा जेल (१९७०) दोन लाखांच्या पुढे आणि ब्रॅडफर्ड यांची रंगाने प्रथिन मोजायची रीत (१९७६) दीड लाखाच्या पुढे.

प्रयोगशाळेत एक वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) करायचा म्हटलं तरी आधी प्रत्येक नमुन्यात प्रथिन किती ते मोजावं लागतं, म्हणजे ब्रॅडफर्ड. मग प्रत्येक खाचेत सारखं, समजा २० मायक्रोग्रॅम, प्रथिन भरून जेल चालवायचा, म्हणजे लेमली. पेपरचा विषय कर्करोग असो की भाताची मुळं, 'साहित्य आणि पद्धती'त हे दोन संदर्भ येतात. उलट 'डीएनए दुपेडी असतं' हे वाक्य लिहिताना आज कोणी संदर्भ देत नाही. जो शोध पाठ्यपुस्तकात मुरतो त्याची सायटेशन आटतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला स्वतंत्र नावच दिलं होतं.

लेमली यांचा पेपर वर्गात मुद्दाम दाखवावा असा आहे. लेखक एकच, आणि शीर्षकात जेलचा उल्लेखसुद्धा नाही. विषय आहे टी-४ या जिवाणुभक्षी विषाणूचं डोकं तयार होताना प्रथिनं कशी कापली जातात हा. सुमारे ५५,००० रेणुभाराचं मुख्य प्रथिन ४५,००० चं होतं, हे त्यांना पट्ट्यांमध्ये स्वच्छ दिसलं. संदर्भ देणाऱ्या बहुतेकांना या विषाणूशी काही देणंघेणं नसतं. शिवाय दोन्ही घटक आधीचे होते : वेगवेगळ्या पीएचचे दोन थर ऑर्नस्टाइन आणि डेव्हिस यांचे (१९६४), तर एसडीएस हे डिटर्जंट घालून रेणुभारानुसार प्रथिनं वेगळी करण्याची रीत वेबर आणि ऑस्बर्न यांनी १९६९ मध्ये रूढ केलेली. लेमली यांनी त्यांची नीट सांगड घातली आणि सायटेशनचा लोंढा त्यांच्याकडे वळला.

सांगड काय ते थोडक्यात. वरचा थर पीएच ६.८, खालचा ८.८, टाकीतलं बफर ८.३. वरच्या थरात टाकीतल्या बफरमधून आलेल्या ग्लायसीनवर भार जेमतेम असतो म्हणून ते रेंगाळतं. पुढे क्लोराइड, मागे ग्लायसीन आणि मध्ये प्रथिनं चेपून एक बारीक रेघ होतात. खालच्या थरात ग्लायसीन भारित होऊन पुढे निघून जातं आणि प्रथिनं आकारानुसार सुटी होतात. घाईत दोन्ही थरांना एकाच पीएचचं ट्रिस बफर वापरलं की रेघ बनत नाही, पट्ट्या फराट्यासारख्या पसरतात आणि दोष अँटिबॉडीला दिला जातो.

प्रश्न : माझ्या मार्गदर्शकांचा एच-इंडेक्स (निदान एच सायटेशन असलेले एच पेपर, यातला सर्वांत मोठा एच) गूगल स्कॉलरवर २३, स्कोपसमध्ये १६ आणि वेब ऑफ सायन्समध्ये १४ दिसतो. प्रकल्पाच्या अर्जात कोणता लिहायचा?
— संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अर्जात ज्या डेटाबेसचं नाव दिलं असेल तो. नाव दिलं नसेल तर एक निवडा आणि डेटाबेस व तारीख शेजारी लिहा : 'स्कोपस, १२ जूनपर्यंत'. नुसता २३ लिहिलात आणि परीक्षकाने स्कोपस उघडलं, तर उगाच शंकेला जागा.

फरक पडतो तो मोजायच्या टोपलीमुळे. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचे मसुदे), परिषदांचे सारांश, कधीकधी तर संस्थेच्या संकेतस्थळावरची पीडीएफसुद्धा मोजतं. स्कोपसमध्ये १९७० च्या आधीच्या पेपरांच्या संदर्भयाद्या सहसा नसतात, त्यामुळे जुन्या मंडळींचा आकडा तिथे कमी दिसतो. वेब ऑफ सायन्समध्ये तर तुमच्या संस्थेने किती मागच्या वर्षांपर्यंतची वर्गणी भरली आहे त्यावरही आकडा बदलू शकतो. एकाच माणसाचे दोन विद्यापीठांतून दोन आकडे येतात ते यामुळे.

हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. हाताने काढून पाहा, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. पेपरांची सायटेशन उतरत्या क्रमाने लावा : ४१, २२, १५, ९, ६, ६, ४, १. सहाव्या पेपरला ६ आहेत, चालेल. सातव्याला ७ हवीत, आहेत ४. म्हणून एच ६. आता पहिल्या पेपरची ४१ ची ४,१०० झाली तरी एच सहाच राहतो. लेमली यांच्या दोन लाखांची किंमतही इथे फक्त एक. तीन-चार मोठे पेपर लिहून थांबलेल्या माणसावर हा आकडा अन्यायच करतो, आणि वीस लेखकांच्या पेपरांत पंधराव्या जागी नाव असलेल्यावर मेहेरबानी. शिवाय वय वाढतं तसा तो वाढतो, कमी कधीच होत नाही. तिशीतल्या आणि साठीतल्या उमेदवारांची यावरून तुलना करणाऱ्या समित्या अजूनही आहेत, हे खेदाने म्हणावं लागतं.

प्रश्न : लग्नाआधीचे चार पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. मधला एक तर नावाची तिन्ही आद्याक्षरं उलटसुलट होऊन छापला गेला. स्कोपसमध्ये मी तीन माणसं आहे. काय करू?
— सहायक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्याकडचं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही पद्धत या डेटाबेसना पचत नाही. त्यात 'एस. आर. पाटील' नावाचे संशोधक किती असतील याची कल्पनाच केलेली बरी.

आधी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा. फुकट आहे, सोळा अंकी असतो आणि शेवटचं स्थान कधीकधी एक्स असतं, ती चूक समजू नका. त्यात 'या नावांनीही ओळख' या रकान्यात नावाची सगळी रूपं भरा : दोन्ही आडनावं, पूर्ण नाव, नुसती आद्याक्षरं, छापताना उलटलेलं रूपसुद्धा. मग पेपर डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) देऊन जोडा. शीर्षक हाताने टाइप केलं की एकच पेपर दोनदा येतो.

मग स्कोपसमध्ये तिन्ही प्रोफाइल शोधून एकत्र करायची विनंती पाठवा. पाठवण्याआधी प्रत्येक प्रोफाइलची यादी वाचा. त्यात नाव सारखं असलेल्या दुसऱ्या कुणाचा पेपर असेल तर तो आधी बाहेर काढा, नाहीतर एकत्र झाल्यावर तुमच्या नावावर यकृताच्या शस्त्रक्रियेचा पेपर दिसेल. गूगल स्कॉलरमध्ये नवे लेख आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवा आणि मेलने विचारण्याचा पर्याय निवडा. एकाच पेपरच्या दोन नोंदी असतील तर दोन्हींवर खूण करून एकत्र करा. सायटेशन त्या दोन नोंदींत विभागली गेली असतील तर कधीकधी एवढ्यानेच एच एकने वाढतो.

यापुढे कोणत्या नावाने लिहायचं ते एकदा ठरवा आणि सहलेखकांना लेखी कळवा. चूक बहुतेक वेळा पेपर सादर करणारा सहलेखक घाईत करतो.

प्रश्न : क्यूपीसीआरच्या (जीन किती सक्रिय आहे ते मोजायच्या चाचणीच्या) निकालांवर परीक्षकाने लिहिलं, 'पद्धतीचा आधार द्या'. लिव्हाक आणि श्मिटगेन (२००१) यांचा संदर्भ घातला की भागेल ना?
— पीएच.डी. विद्यार्थी, नागपूर

उत्तर : भागणार नाही. तो पेपर गृहीत धरतो की तुमचा जीन आणि रेफरन्स जीन (तुलनेसाठी घेतलेला, न बदलणारा) दोन्हींची कार्यक्षमता जवळपास सारखी आहे आणि दर चक्राला प्रत दुप्पट होते. हे तुमच्या प्रायमरबाबत (प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांबाबत) खरं आहे का ते तुम्हीच दाखवायचं असतं. संदर्भ देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते दाखवलेलं नसतं आणि तरी त्या पेपरचं सायटेशन एकने वाढतं.

सीडीएनएची (आरएनएपासून बनवलेल्या डीएनएची) दहा-दहा पट पाच विरलनं करा, प्रत्येक तीनदा चालवा. सीटी (ठरावीक पातळी गाठायला लागलेली चक्रं) विरुद्ध लॉग विरलन असा आलेख काढा. उतार उणे ३.३२ म्हणजे १०० टक्के कार्यक्षमता. उणे ३.६ ते उणे ३.१, म्हणजे साधारण ९० ते ११० टक्के, चालतं. मग दोन्ही जीनच्या सीटीमधल्या फरकाचा तसाच आलेख काढा. त्याचा उतार, चिन्ह सोडून, ०.१ च्या आत हवा. ११० च्या वर गेलं तर खूश होऊ नका. बहुधा दाट नमुन्यांमध्ये पॉलिमरेजला, म्हणजे प्रती काढणाऱ्या एन्झाइमला, अडवणारं काही उरलेलं असतं, फिनॉल किंवा जास्तीचं मीठ. मेल्ट कर्व्हला (तापवल्यावर डीएनएचे पेड सुटतात त्या आलेखाला) दोन शिखरं दिसली तर बहुधा प्रायमर एकमेकांनाच चिकटताहेत किंवा भलताच तुकडा वाढवताहेत असं समजा आणि नवे प्रायमर मागवा.

फरक किती पडतो? डेल्टा-डेल्टा-सीटी (रेफरन्स जीन वजा करून दोन नमुन्यांच्या सीटीमधला फरक) उणे ३ असेल तर दुपटीच्या हिशेबाने आठपट. तुमच्या जीनची प्रत दर चक्राला १.९ पटच होत असेल आणि रेफरन्स जीन दोन्ही नमुन्यांत सारखा आला असेल, तर खरा आकडा ६.९ पट. उणे १० ला १,०२४ ऐवजी ६१३. कार्यक्षमता जुळत नसेल तर फाफ्ल (२००१) यांचं सूत्र वापरा. रेफरन्स जीन एकच, तोही सवयीने घेतलेला जीएपीडीएच, असेल तर परीक्षक पुन्हा पकडेल : ऑक्सिजन कमी पडला की तो स्वतःच बदलतो. निदान दोन घ्या. काय काय छापायचं याची यादी २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूचनांत आहे.

प्रश्न : एका जर्नलचा मेल आला : नऊ दिवसांत प्रसिद्धी, 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर ७.८३२'. विश्वास ठेवावा का?
— प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : नाही. रूढ अर्थाचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी) फक्त क्लॅरिव्हेट या कंपनीच्या 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्ये असतो, त्याला 'ग्लोबल' वगैरे विशेषण नसतं आणि २०२३ पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. नवा आकडा म्हणून तीन दशांश स्थळं मिरवणाऱ्याकडे संशयानेच पाहा.

खऱ्या आकड्याचाही भरवसा बेताचाच. २०२२ आणि २०२३ मध्ये जर्नलने मिळून २०० लेख छापले आणि त्यांना २०२४ या वर्षात ६०० सायटेशन मिळाली, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३. साधी सरासरी, त्यामुळे एक लेखसुद्धा ती फिरवू शकतो. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'चा आकडा २००८ मध्ये २.०५१ होता, २००९ मध्ये ४९.९२६ झाला. कारण २००८ मध्ये शेल्ड्रिक यांनी तिथे शेलेक्स या संगणक-प्रणालीचा आढावा छापला आणि स्फटिकांवर काम करणारे जो तो त्याचा संदर्भ देऊ लागले. त्याच अंकातल्या बाकीच्या लेखांना त्याचा काडीचाही फायदा नव्हता, पण पन्नासच्या आसपासचा आकडा त्यांच्या लेखकांच्या बायोडेटात छान दिसला असणार.