'फाजील' ही पदवी कशी? आणि देवबंदला 'विद्यापीठ' म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: "मदरशांवरच्या एका बातमीत 'कामिल आणि फाजील पदव्या' असे वाचले. आपल्याकडे फाजील म्हणजे वाजवीपेक्षा जास्त, आगाऊ. मग ती पदवी कशी असेल? हा वेगळा शब्द आहे का? त्याच बातमीत देवबंदला 'इस्लामी विद्यापीठ' म्हटले होते, ते बरोबर आहे का?"

शब्द वेगळा नाही, एकच आहे. अरबीतल्या फ-ज़-ल या धातूचा मूळ अर्थ उरणे, शिल्लक पडणे, दुसऱ्यापेक्षा अधिक असणे. त्या 'अधिक'मधून अरबीत चांगले अर्थ निघाले. देणे लागत नसतानाही जे वर दिले जाते ती कृपा, म्हणजे 'फज़ल'. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलच्या नावात हाच शब्द आहे. ज्ञानाने आणि गुणांनी इतरांच्या वर गेलेला तो 'फाज़िल'. धर्मयुद्धांच्या काळातला सुलतान सलाहुद्दीन याचा विख्यात सचिव इतिहासाला 'अल-काझी अल-फाझिल' याच नावाने ठाऊक आहे. त्याला कोणी आगाऊ न्यायाधीश म्हणत नव्हते, ते गौरवाचे नाव होते.

मराठीने हाच शब्द उचलला तो हिशेबाच्या वहीतून. जमा, खर्च, बाकी, फाजील हे शब्द आपल्याकडे दफ्तरातून आले, पाठशाळेतून नव्हे. वहीत फाजील म्हणजे जमेच्या वर गेलेली रक्कम, आणि ती कोणालाच आवडत नाही. तिथून फाजील लाड, फाजील आत्मविश्वास, फाजील चौकशा असा प्रवास झाला आणि शेवटी माणूसच फाजील ठरला. अधिकपणाला हेटाळणीची छटा देण्याची खोड मराठीला घरच्या शब्दांतही आहे. 'अतिशहाणा' घ्या, 'दीडशहाणा' घ्या. शहाणपण मापाबाहेर गेले की मराठी माणूस लगेच सावध होतो. त्यामुळे फाजीलचे जे झाले ते मला मराठीच्या स्वभावाला धरूनच वाटते.

जोडीचा 'कामिल' मात्र आपल्याकडे सुखात नांदला. त्याचा धातू क-म-ल, म्हणजे पूर्ण होणे. कमाल तापमान, कमालीचा देखणा, कमाल केलीस, सगळी त्याचीच भावंडे. कामिल म्हणजे पूर्णत्वाला पोचलेला.

आता या दोन शब्दांचा पदवी म्हणून अर्थ. उत्तर प्रदेशाच्या मदरसा मंडळाच्या पायऱ्यांत मुन्शी-मौलवी ही दहावीची पातळी, आलिम बारावीची, आणि 2024 पर्यंत कामिल पदवीची व फाझिल पदव्युत्तर पातळी होती. उत्तर प्रदेशातल्या देवबंद गावच्या 'दारुल उलूम' या संस्थेच्या परंपरेत मात्र आठ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारा तो फाझिल. नाव एकच असले तरी पायरी वेगळी असू शकते, हे बातमी लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

'आलिम' शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण त्याचे कूळ मराठीत फार गमतीने पसरले आहे. धातू अ-ल-म, जाणणे. त्यातून इल्म म्हणजे ज्ञान, त्याचे अनेकवचन उलूम, जाणणारा तो आलिम, त्याचे अनेकवचन उलमा. 'दारुल उलूम' म्हणजे विद्यांचे घर. जुन्या पत्रांतले 'मालूम' याच धातूचे, आणि पैलवानांची 'तालीम'ही याचीच. मूळ अरबीत तालीम म्हणजे शिकवणे. मराठीत ती मल्लांच्या लाल मातीत आणि नाटकाच्या सरावात रमली. एकाच शब्दाने कुठे हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) शिकवली, तर कुठे धोबीपछाड.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण 'विद्यापीठ' या शब्दाला आपल्या मनात ठरलेले चित्र आहे: कुलगुरू, संलग्न महाविद्यालये, कायद्याने मान्य पदव्या. अरबीत विद्यापीठाला 'जामिआ' म्हणतात. धातू ज-म-अ, एकत्र येणे. आपले जमा, जमाव, जमात आणि जुम्मा इथलेच. शुक्रवारी सगळे जिथे जमतात ती जामा मशीद. कैरोच्या अझहरमध्ये तर ही दोन्ही नावे शेजारी शेजारी उभी आहेत: मशीद 'अल-जामिअ अल-अझहर' आणि विद्यापीठ 'जामिअत अल-अझहर'. फातिमी राजवटीत 970 साली मशिदीचे बांधकाम सुरू झाले, 975 च्या सुमारास तिथे अध्यापन सुरू झाले. पण विद्यापीठ या अर्थाचा 'जामिआ' शब्द आधुनिक काळातला, युरोपीय संस्थांसाठी घडवलेला प्रतिशब्द आहे. शतकानुशतके अझहरला लोक मशीदच म्हणत आणि तिथेच खांबाशी बसून शिकत. 1872 मध्ये आलिमच्या पदवीसाठी परीक्षेचा नियम आला. 1961 च्या कायद्याने वैद्यक, अभियांत्रिकी असे विभाग जोडले गेले आणि मुलींसाठीही दार उघडले. आज अझहरला 'विद्यापीठ' म्हणण्यात काहीच चूक नाही. 'हजार वर्षांपूर्वीचे विद्यापीठ' म्हणताना मात्र आजचा शब्द आपण मागे नेतो आहोत याची जाणीव हवी.

जुन्या पद्धतीत पदवी संस्था देतच नसे. गुरू शिष्याला अमुक ग्रंथ शिकवण्याची परवानगी देई, तिला 'इजाज़ा' म्हणत. हीच आपली हिंदी सिनेमातून ओळखीची 'इजाजत'. विद्वानाची किंमत तो कोणाकडे शिकला यावर ठरे, कुठे शिकला यावर कमी. हा फरक 'विद्यापीठ' शब्दात पार पुसला जातो.

देवबंदचे दारुल उलूम 1866 मध्ये सुरू झाले. लोकवर्गणीवर चालणे, ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, वार्षिक परीक्षा ही त्याची घडण इंग्रजी कॉलेजांशी मिळतीजुळती होती, आशय मात्र 'दर्स-ए-निज़ामी' या मदरशांच्या पारंपरिक अभ्यासक्रमाचा. (यातला निज़ाम हैदराबादचा नव्हे. हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावाचा, अठराव्या शतकातला.) शेवटच्या वर्षाला 'दौरा-ए-हदीस' म्हणतात. हदीसचे प्रमुख संग्रह त्या एका वर्षात वाचून होतात. मंत्र्यांचा दौरा आणि हा दौरा शब्द म्हणून एकच: फेरी. शिक्षण संपवून बाहेर पडणारा तो 'फारिग', मोकळा झालेला. आपल्या 'फारकत'मध्ये तोच फारिग लपलेला आहे, 'फारिग-खत' म्हणजे मोकळे केल्याचा कागद.

म्हणजे देवबंद धर्माच्या उच्च शिक्षणाचे केंद्र आहे, यात शंका नाही. पण भारतात 'विद्यापीठ' हा कायद्याचाही शब्द आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यात पदवी कोणी द्यावी आणि संस्थेच्या नावात 'युनिव्हर्सिटी' शब्द कोणी लावावा, या दोन्हींवर बंधने आहेत. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशाचा 2004 चा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाझिलविषयीच्या तरतुदी याच 1956 च्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केल्या. तेव्हा देवबंदला सरसकट 'विद्यापीठ' लिहिले, तर वाचकाला तिथली पदवी मुंबई विद्यापीठाच्या पदवीसारखी वाटते, आणि नुसते 'मदरसा' लिहिले, तर गल्लीतला कुराणपठणाचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. मी 'दारुल उलूम' तसेच ठेवते आणि पहिल्या उल्लेखात 'धर्मशास्त्राच्या उच्च शिक्षणाची संस्था' एवढे जोडते.

उलटी चूकही होते. 'जामिया मिल्लिया इस्लामिया'चे नाव वाचून तो मोठा मदरसा आहे असे समजणारे भेटतात. 1920 मध्ये अलीगढला स्थापन झालेली, 1925 मध्ये दिल्लीला आलेली ही संस्था 1988 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथे अभियांत्रिकी, कायदा, पत्रकारिता शिकवतात. नावातला 'मिल्लिया' म्हणजे राष्ट्रीय. तिला बेलाशक विद्यापीठ म्हणावे.

लेखनाचे म्हणाल तर पदवीसाठी 'फाझिल' लिहावे, झ आणि ऱ्हस्व इकार घेऊन. मराठी विशेषणासाठी 'फाजील' आहेच.