वर्गातलं घरी कळवताना

या अंकासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेले प्रश्न निवडले आहेत. रोख साधारण एकच: पहिली ते चौथीचं मूल शाळेत काय करतं, ते घरी पोचत नाही.

आमची दोनशिक्षकी शाळा, चार वर्गांत मिळून 21 मुलं. व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. निम्मे पालक बघत नाहीत, उरलेले ‘सुप्रभात’ची फुलं पाठवतात. काय करू?
— शिक्षिका, राजापूर तालुका

गट राहू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. आधी एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा: मूल रात्री कोणाजवळ असतं, त्या माणसाला मराठी वाचता येतं का, फोन घरात राहतो की कामावर जातो, आणि वाडीत रेंज कुठे मिळते. शाळेकडे नंबर वडिलांचा, वडील मुंबईत आणि दप्तर भरणारी आजी, अशी घरं तुमच्याकडे निघतीलच. तिथे निरोप जातो, निळ्या खुणाही दिसतात, पण मुलाजवळच्या माणसाला काहीच कळत नाही.

अशा घरांसाठी निरोपवही काढा. लहान आकाराची वही दप्तरात राहील, आठवड्याला एकच निरोप, तोही शनिवारी, म्हणजे घरच्यांना रविवार मिळतो. मजकूर पाच-सहा ओळींचा. काय शिकवलं, मुलं कुठे अडतात आणि घरी काय करता येईल, एवढंच. नमुना बघा:

‘दुसरीत हातच्याची बेरीज चालू आहे. 27 + 15 मध्ये 7 आणि 5 मिळून 12 होतात. 2 लिहायचे आणि 1 हातचा दशकात मिळवायचा. काही मुलं हातचा विसरून 32 लिहितात, काही 12 तसेच लिहून 312 करतात. घरी काजूच्या 27 आणि 15 बिया मोजायला द्या, दहा-दहाचे ढीग करायला सांगा. सुट्या बियांचा नवा ढीग झाला की हातचा कुठून आला ते मुलाला दिसतं.’

‘गणिताचा सराव घ्यावा’ असं लिहिलंत तर आजी पाढे म्हणून घेईल आणि मूल पुन्हा 32 लिहील. चूक नेमकी कोणती ते लिहिलंत तरच घरच्यांना हात घालता येतो. दोन शिक्षकांत चार वर्ग असल्यामुळे दर शनिवारी चारही वर्गांचं लिहून होणार नाही. एका शनिवारी पहिली-दुसरी, पुढच्या शनिवारी तिसरी-चौथी असं आलटून पालटून घ्या. मजकूर फळ्यावर लिहा. तिसरी-चौथीची मुलं स्वतः उतरवून घेतील, धाकट्यांच्या वहीत तुम्ही किंवा मोठी मुलं लिहा. लिहायला बॉलपेनच घ्या, कारण जेल पेनाची शाई पावसात दप्तर भिजलं की पानभर पसरते. वहीला प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

सहीवर फार भर देऊ नका, सही मूलही करतं. सोमवारी दोन-तीन मुलांना विचारा, ‘बिया कोणी मोजल्या, किती ढीग झाले?’ वही उघडली की नाही ते कळतं.

वाचता न येणाऱ्या घरांसाठी तोच मजकूर एका मिनिटाच्या आत बोलून पाठवा, घरच्या बोलीत. आंबा बागेतल्या नेपाळी राखणदारांची मुलं वर्गात असतील तर तो साध्या हिंदीत करा. रेंज कमी असते तिथे मजकूर लवकर पोचतो, आवाज उशिरा, फोटो बहुधा अडकतो; म्हणून सुट्टीची सूचना फोटो काढून कधीच पाठवू नये.

गटाच्या सेटिंगमध्ये ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ हे चालू करा, फुलं बंद होतील. काही जण गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी करतात. त्यात गोम अशी की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन केलेला नाही त्याला ते संदेश मिळतच नाहीत, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेले.

मुलीच्या प्रगतिपुस्तकात भाषेला ‘ब-1’ आणि शेरा ‘प्रगती समाधानकारक’. यातून मी काय समजायचं?
— पालक, मालवण

श्रेणीचा अर्थ सरळ आहे. अ-1 म्हणजे 91 ते 100, अ-2 म्हणजे 81 ते 90, आणि ब-1 म्हणजे 71 ते 80. पण हे सगळे पेपरातले गुण नव्हेत. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला 70 गुण आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या निरीक्षण, तोंडी काम, कृती, स्वाध्याय अशांचे आणि 30 संकलित म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचे. तिसरी-चौथीला हे 60 आणि 40 होतं. मुलगी तोंडी कामात पुढे आणि लेखनात मागे असली तरी बेरीज ब-1 येऊ शकते. म्हणून बाईंकडून दोन्ही आकडे वेगळे मागून घ्या.

शेऱ्याबद्दलची तक्रार रास्त आहे. ‘जोडाक्षरं वाचते, लिहिताना रफार सुटतो (सूर्य ऐवजी सूय)’ अशी नोंद हवी. ती बहुतेक वेळा शिक्षकांच्या नोंदवहीत असते, प्रगतिपुस्तकात उतरत नाही एवढंच. भांडायला न जाता ‘सध्या ती कुठे अडते, वहीत दाखवाल का?’ असं विचारा.

मी कांदिवलीला नोकरीला, मुलगा गुहागरला आजी-आजोबांकडे दुसरीत. रोज फोनवर ‘काय शिकलास?’ विचारतो, उत्तर ‘काय नाय’.
— एक वडील

सात वर्षांच्या मुलाला ‘काय शिकलास’ हा प्रश्न फार मोठा पडतो. शनिवारचा निरोप मागवून घ्या, आजोबा फोटो पाठवतील, आणि त्यातलंच विचारा: ‘हातचा कुठे लिहितोस?’

रविवारी वाचून घ्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, म्हणजे तेच पान तुमच्यासमोरही राहील. पहिल्या ओळीपासून सुरू करायला सांगू नका, धडा पाठ असतो. मधल्या परिच्छेदापासून वाचायला सांगा. आजीला अक्षरओळख नसली तरी मुलाचं बोट शब्दाशब्दावर सरकतंय की डोळे छपराकडे आहेत, हे तिला दिसतं. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजा. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीला मिनिटाला 45 ते 60 शब्दांचं लक्ष्य आहे. ते वर्षाअखेरचं आहे. दिवाळीत 25 झाले म्हणून मुलाला धारेवर धरू नका. वाचून झाल्यावर ‘मग काय झालं?’ विचारा. भराभर वाचून काहीच सांगता येत नसेल तर ते गुरुजींच्या कानावर घाला, शाळा सुटल्यावर फोन करून. गणपतीला किंवा शिमग्याला गावी याल तेव्हा शाळेला सुट्टी असेल, तर भेटीची वेळ आधीच ठरवा.

पालकसभेला जेमतेम चार माणसं येतात. शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली की पालकसभा झाली असं धरलं तर चालेल का?
— मुख्याध्यापक, देवगड तालुका

नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 खाली समिती आहे, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि तिचा विषय शाळेचा कारभार. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे कलम 24 मध्ये शिक्षकाचं वेगळं कर्तव्य आहे. पोषण आहाराच्या तांदळावर तासभर बोलणं झालं की मुलांचा विषय राहूनच जातो.

माणसं न येण्याचं कारण बहुधा तारखेत असतं. शेतकरी वाडीत जुलैत लावणी, तेव्हा कोणी येणार नाही. खारवीवाड्यात उलट: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पुरुष घरी, म्हणून तिथली सभा जूनअखेर घ्या. बागायतदार आणि बागेतले मजूर मार्चपासून हाती लागत नाहीत, त्यांना फेब्रुवारीच्या आत भेटा. शाळेत दोन्हींकडची मुलं असतील तर दोन सभा घ्या, एक वाडीतच, देवळाच्या ओट्यावर.

भाषणं नकोत. प्रत्येक पालकाला सात-आठ मिनिटं द्या, समोर मुलाची वही ठेवा, जूनचं पान आणि आजचं पान. शाळेत 21 मुलं असली तरी तीन तास लागतात, म्हणून दोन दिवसांत विभागा.

वर्गातले फोटो गटावर टाकले, एका आईने हरकत घेतली.
— शिक्षिका, दापोली

तिचं बरोबर आहे, फोटो काढून टाका. प्रवेशाच्या वेळी लेखी संमती घ्या, नाही म्हणणाऱ्यांची यादी फोनमध्ये ठेवा. मुलांचे चेहरे घेण्यापेक्षा वही, मातीकाम, फळा यांचे फोटो घ्या. काय शिकवलं ते त्यातूनही कळतं. गुणांचे तक्ते गटावर अजिबात नकोत.

मूल मागे पडतंय किंवा मारामारी करतंय, हे घरी कसं सांगू? मागे सांगितलं तर घरी मार बसला.
— शिक्षक, वेंगुर्ले

वहीत लिहू नका, गटावर तर नकोच. वही मूल स्वतः घेऊन जातं आणि वाटेतच पान फाडतं. प्रत्यक्ष भेटा किंवा फोन करा, आणि ‘तो दांडगा आहे’ म्हणू नका. ‘मंगळवारी आणि गुरुवारी जेवणाच्या रांगेत ढकललं, दोन्ही वेळा मागचा मुलगा पुढे घुसला होता’ असं दिवस-वेळेसह सांगा. लगेच शाळा काय करणार ते सांगा: ‘आजपासून तो ताटं वाटतो, रांगेत उभा नसतो.’ घरच्यांनी काय करायचं तेही तुम्हीच सांगा, नाहीतर त्यांना सुचतो तो मारच. ‘घरी यावर काही बोलू नका, पुढच्या शनिवारी मीच फोन करते किंवा करतो’ एवढं पुरतं. आणि शनिवारी फोन कराच, सांगण्यासारखं काही घडलं नसलं तरी.